आत्याची खोली: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१७ जून २०२४, सोमवार

आत्या उद्या घरी येतेय. पडून उजवा खुबा मोडला, अर्धा सांधा बदललाय, टाके अजून निघायचेत. वय ८३. साखर आहे, गोळ्यांवर आटोक्यात. डिस्चार्जच्या कागदावर औषधांनी पान भरलंय आणि स्वच्छतेबद्दल एकच ओळ आहे: जखम कोरडी ठेवा. बाकीचं घरच्यांनी समजून घ्यायचं असावं. मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला असं ‘समजून घेणं’ झेपत नाही, म्हणून ही वही.

बाहेरच्या खोलीतला दिवाण हलवला. भाड्याने आणलेली फाउलर खाट (डोकं-पाय वरखाली होणारी, इस्पितळातली) मधोमध ठेवली, दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल एवढी जागा सोडून. खाट भिंतीला टेकवली की पेशंटला कुशीवर वळवताना आपलीच पाठ जाते. कमोडची खुर्चीही भाड्याची. तिचे पाय उंच करून घेतले, कारण बसताना खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडता कामा नये. गुडघे कंबरेच्या वर गेले की सांधा निसटायची भीती. आमचा उकिडवं बसायचा संडास त्यामुळे आपोआप बाद.

खरी अडचण खाट-खुर्चीची नाहीच. आत्याने जन्मभर शाळेत मुलींना विज्ञान शिकवलं, फळ्यावर जंतूंच्या आकृत्या काढल्या. आणि घरी आल्यावर बाहेरची साडी मोरीपाशी उतरवून, पाय धुऊन मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. आंघोळीआधी चहा नाही. अशा बाईला आता सगळं खाटेवर करायला लावायचंय.

१९ जून, बुधवार

पहिला खटका कमोडच्या खुर्चीवरून. ती ठेवली त्या भिंतीपलीकडे देवघर. “देवाच्या पाठीशी संडास मांडलास?” खुर्ची खिडकीकडे सरकवली. दोन मिनिटांचं काम. वाद घातला असता तर तिने हट्टाने धरून ठेवलं असतं आणि बद्धकोष्ठाचं नवं काम निघालं असतं.

दुसरा खटका मावशींवरून. पेशंट सांभाळायला नर्सिंग ब्युरोतून दिवसपाळीला आल्यात, हाताला चपळ, बोलायला मोजक्या. आत्याने आल्या आल्या त्यांना जात विचारली. मला कुठे तोंड लपवावं कळेना. मावशी म्हणाल्या, “आजी, हात धुऊन आलेय, बघा,” आणि कोपरापर्यंत ओले हात पुढे केले. आत्या गप्प. संध्याकाळी तिला एकटीला गाठून सांगितलं, हा प्रश्न या घरात पुन्हा निघायचा नाही. “बरं,” म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

सोवळ्यातला माणसांना लांब ठेवायचा भाग बाद, यावर चर्चा नाही. पण उरलेला भाग? धुतलेलं आणि न धुतलेलं एकमेकांना लागू द्यायचं नाही. सोवळ्याचं वस्त्र वेगळ्या दोरीवर, काठीने वाळत घालायचं. उजव्या हाताची कामं वेगळी, डाव्याची वेगळी. शिवलं की हात धुवायचे. वॉर्डातली सिस्टर दुसरं काय करते? तिचे नियम मोडून आपले लादण्यापेक्षा तिच्या नियमांवर आपले बसवून बघू.

त्याप्रमाणे खोलीचे दोन भाग पाडले. खाटेची उजवी बाजू सोवळी: पाण्याचा तांब्या, औषधं, धुतलेले कपडे, जेवणाचं टेबल. डावी बाजू ओवळी: बेडपॅन, लाल बादली, कचऱ्याची झाकणाची डबी, हातमोजे. डावीकडून उजवीकडे यायचं तर मधे बेसिनवर साबणाने हात, बोटांच्या बेचक्यांसकट. सॅनिटायझर फक्त दिसायला स्वच्छ हातांसाठी. मळलेल्या हातावर त्याचा उपयोग नाही. कुठलं भांडं कुठल्या बाजूला, हे आत्यानेच पडल्या पडल्या बोट दाखवून ठरवलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात शाळा ऐकू आली.

२२ जून, शनिवार

अंग पुसण्याची पद्धत आता बसली. सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे मावशींची सुट्टी असेल तेव्हा अडायला नको.

आधी पंखा बंद, दार लोटलेलं. दोन घमेली कोमट पाणी, एक साबणाचं आणि एक साधं. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. क्रम वरून खाली: डोळे साध्या पाण्याने, आतून बाहेर, मग चेहरा, मान, हात, काखा, छाती, पोट, पाय, पाठ. लघवी-संडासची जागा सगळ्यांत शेवटी, पाणी आणि कपडा दोन्ही बदलून. तिथे नेहमी पुढून मागे पुसायचं, उलट नाही; मागची घाण पुढे आली की लघवीचा संसर्ग ठरलेला. सगळं अंग एकदम उघडं करायचं नाही. जेवढं पुसतोय तेवढंच उघडं, बाकी चादरीखाली. पुसायला टर्किश टॉवेल नको, पंचा. अंगाला बोचत नाही आणि पावसाळ्यात लवकर वाळतो.

पुसण्यापेक्षा टिपणं महत्त्वाचं. स्तनांखाली, जांघेत, काखेत, पायाच्या बोटांमध्ये पंचा नुसता दाबून धरायचा, घासायचा नाही. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते.

बायको पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायला निघाली होती. आत्यानेच थांबवलं. “त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साडेपाचच्या आसपास. कपड्याचा साबण आणि हे असलं रोज लावलंस तर सोलून निघेल.” लिटमस कागद शिकवून झालेल्या बाईपुढे काय बोलणार. सौम्य साबण, तोही काखा-जांघांपुरता. बाकी अंग साध्या पाण्याने.

मी पुतण्या, त्यामुळे शेवटचा भाग माझ्याकडे नाही. मावशी नसतील तर बायको. आणि दोघीही नसतील तर? हे आत्याला विचारलंच. बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, “कपडा भिजवून माझ्या हातात दे आणि पाठ कर.” जमतं तिला. उजव्या कुशीला हात पोचत नाही एवढंच. तेव्हापासून रोजच पुढचं ती स्वतः करते, मावशी मागचं. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

पुसून, धुतलेलं नेसून झालं की मगच चहा. हा तिचा नियम, आणि त्यामुळे सकाळचं अंग पुसणं एकदाही टळत नाही.

२४ जून, सोमवार

टाके निघाले. जखम कोरडी. आत्याला खोलीत गोमूत्र शिंपडायचं होतं. फरशीवर शिंपड म्हटलं, जखमेच्या आसपास थेंब नको. मान्य.

कचरा: रात्रीचा डायपर आणि मळलेले कापसाचे बोळे वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताईंनी सुरू केलेली ही पद्धत. ठिपका दिसला की त्यांना ते पुडकं उघडून चाचपावं लागत नाही. आमच्या सोसायटीत किती घरं हे करतात ते विचारू नका. साखर तपासायच्या सुया वेगळ्या, जाड प्लास्टिकच्या बरणीत.

२९ जून, शनिवार

माकडहाडावर लाली. मावशींनी पाठ पुसताना बघितली, रुपयाएवढी. बोटाने दाबली तर पांढरी पडली नाही. दाबून रंग बदलत नसेल तर ती नुसती उष्णता नव्हे, दाबामुळे होणाऱ्या जखमेची पहिली पायरी. कातडी अजून शाबूत आहे, म्हणजे वेळ आहे.

मावशी तेल घेऊन चोळायला निघाल्या. नको म्हटलं. हाडावरची लाल जागा चोळली की आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आणखी दुखावतात. मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडेने दाब वाढतो. शेजारच्या काकांनी प्रेमाने आणून दिलेली चकती परत केली, तेही प्रेमाने.

कारण शोधायला बसलो. दोन सापडली. एक, चादरीखालचं मेणकापड. गादी वाचते, पण घाम आणि ओल कातडीखालीच कोंडून राहते. दुसरं, खाटेचं डोकं. आत्याला टीव्ही बघायला डोकं खूप वर लागतं, मग ती हळूहळू खाली घसरते. कातडी चादरीला चिकटते आणि आतलं हाड पुढे जातं.

उपाय आजपासून. मेणकापड काढलं. दिवसा तिच्याच जुन्या सुती साड्यांच्या जाड घड्या, ओल्या झाल्या की लगेच बदलायच्या. रात्री डायपर तसाच चालू, कारण ओला सुती कपडा अंगाला ओलाच राहतो आणि रात्री दर वेळी उठवणं तिला सोसत नाही. (डायपरला ती ‘तुमचं लंगोट’ म्हणते. तुमचं, हे विशेष.) डोकं ३० अंशांपर्यंतच; फक्त जेवताना आणि जेवल्यावर अर्धा तास त्याहून वर. दर दोन तासांनी कूस बदलायची; पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी सारून थोडंसं तिरकं, दोन पायांमध्ये जाड उशी, ऑपरेशनचा पाय आत जाऊ नये म्हणून. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. हवेची गादी भाड्याने मागवली. ती आली म्हणून कूस बदलणं थांबणार नाही, हे तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. जागेवर झिंक ऑक्साइडचं मलम, पातळ थर. टाल्कम पावडर बंद. ओलीत तिच्या गुठळ्या होतात आणि घासतात. या एका बंदीवर आत्या दिवसभर रुसली होती.

तक्ता शिफ्टच्या रजिस्टरसारखा आहे: वेळ, कूस, कोरडी की ओली, सही. मावशी सही करताना नाव पूर्ण लिहितात.

४ जुलै, गुरुवार

गुरुवारी पाणी बंद असण्याची पुणेकरांना सवय आहे. आज सोसायटीचा पंपही बसला. अंग पुसणं, पॅन, हात, धुणं, सगळं साठवलेल्या पाण्यावर. मोरीत आता दोन पिंपं आणि बादल्यांची रांग.

एरंडवण्यात डासांमुळे पसरणाऱ्या झिकाचे रुग्ण सापडल्यापासून या साठवणीकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतंय. तो डास गटारात नाही, आपल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. पिंपांवर घट्ट झाकणं, आणि आठवड्यातून एकदा सगळं उपसून, आतून घासून कोरडं. महापालिका ‘कोरडा दिवस’ म्हणते तेच. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. फ्रीजमागचा ट्रे आणि तुळशीखालची ताटलीही यात धरली.

पॅन आणि कमोडचं भांडं: आधी रिकामं करून साबणाने धुवायचं, मग ब्लीच. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली, दहा मिनिटं ठेवून खळखळून धुवायचं. द्रावण रोज नवं. लघवी असलेल्या भांड्यात ब्लीच थेट ओतायचं नाही, आणि संडास घासायच्या ॲसिडबरोबर तर कधीच नाही. विषारी वायू तयार होतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटात ठेवल्या, म्हणजे सवयीने हात जाणार नाही.

९ जुलै, मंगळवार

लघवी गडद, जळजळ, दोन दिवस चिडचिड. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, संसर्ग निघाला, औषध सुरू.

तक्ता चाळला तर पाणी पिण्याचा रकानाच त्यात नव्हता. मावशींनी हळूच सांगितलं, “आजी दुपारनंतर पाणी पीतच नाहीत. सारखं कुणाला उठवायचं म्हणतात.” म्हणजे कमोडवर बसवावं लागू नये म्हणून बाई तहान मारत होती. त्याने लघवी घट्ट होते, जंतू वाढतात, पोट साफ होत नाही.

ती बोलावेल याची वाट बघायचीच नाही असं ठरलं. डॉक्टरांना विचारून पाण्याचं प्रमाण ठरवलं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असता तर गणित वेगळं असतं. जागेपणी दर अडीच तासांनी मावशीच म्हणणार, “आजी, चला.” घंटा झाली की तास बदलायचा, तसं. संध्याकाळी सातनंतर पाणी घोट घोट. ओल्या घड्यांची संख्या लगेच कमी झाली असं नाही, पण कमी होतेय.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

केसांचा प्रश्न. इस्पितळात पडून पडून मागे गुंता झालाय, आत घामोळं, वास. बायको म्हणाली, मानेपर्यंत कापूया, धुवायला सोपं. मलाही पटलं होतं.

आत्या ताडकन म्हणाली, “मला बोडकी करणार तुम्ही?” मग तिच्या विधवा आजीचं सांगितलं. लाल अलवण, डोक्यावरून घट्ट पदर, आणि ठरलेल्या दिवशी मागच्या दाराने येणारा न्हावी. आजी अंगणात पाटावर बसायची आणि मुलांना आत कोंडलं जायचं. आत्याने दाराच्या फटीतून बघितलं होतं. “ती कधी रडली नाही. झाल्यावर आंघोळ करून पाणी भरायला जायची.” आत्याने लग्न केलं नाही, त्यामागे आणखीही कारणं होती, पण वेणी तिने कधी कापली नाही.

कात्री ठेवून दिली. खोबरेल लावून मावशींनी दुपारभर बोटांनी गुंता सोडवला, टोकाकडून वर. मग खाटेवर न्हाणं: काढून टाकलेलं मेणकापड इथे कामी आलं. त्याच्या दोन कडा गुंडाळून पन्हळ केली, तिचं तोंड खाली बादलीत. मानेखाली पंचाची गुंडाळी, कानात कापूस. शिकेकाईचा हट्ट होता, पण डोळ्यात गेली तर पडल्या पडल्या धुणार कशी, म्हणून साधा शाम्पू. दोन तांबे पाणी जास्त लागलं. वाळल्यावर दोन वेण्या, कानांच्या बाजूला. मागे अंबाडा घातला तर डोक्याखाली गाठ येते आणि तिथेही लाली धरते. शाळेतल्या मुलीसारखी दिसतेय असं मावशी म्हणाल्या. आत्याने आरसा मागितला.

आठवड्यातून एकदा न्हाणं, गुरुवार सोडून.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांमध्ये शिरलं. आमच्याकडे सहकारनगरला पाणी शिरलं नाही, पण पहाटेपासून वीज नाही. हवेच्या गादीचा पंप बंद, गादी हळूहळू उतरली. खाली फोमची गादी होती म्हणून बरं. मावशी येऊ शकल्या नाहीत. मी आणि बायकोने आळीपाळीने दर दोन तासांनी कूस बदलली. माकडहाडाची लाली गेल्या आठवड्यातच गेलीय, ती परत येऊ द्यायची नाही.

दुसरी डोकेदुखी वाळण्याची. घड्या, पंचे, चादरी, सगळ्याला कुबट वास. अर्धवट वाळलेलं वापरणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. मशीनमध्ये गरम पाण्याचा ६० अंशांचा कार्यक्रम, जास्तीचं पिळणं, मग पंख्याखाली दोरी, शेवटी इस्त्री. आज यातलं काहीच नाही. गच्चीच्या जिन्यात दोरी बांधली. खालच्या मजल्यावरचे नाक मुरडून गेले. वीज आल्यावर पहिली इस्त्री पंच्यांना.

६ ऑगस्ट, मंगळवार

एवढं करून बुरशी झालीच. डाव्या स्तनाखाली लाल पट्टा, कडेला बारीक पुरळ, खाज. मी केमिस्टकडे गेलो तर त्याने न विचारता एक ट्यूब पुढे केली, “यात सगळंच आहे.” सगळंच म्हणजे स्टेरॉइडसुद्धा. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरते. फोटो काढून डॉक्टरांना दाखवला, त्यांनी साधं क्लोट्रिमेझोल दिलं. पुरळ दिसेनासं झालं तरी सांगितलेले दिवस पूर्ण लावायचं. वळीत मऊ सुती पट्टी, दिवसातून दोनदा बदलून.

कवळी: रात्री काढून झाकणाच्या वाटीत साध्या पाण्यात. दंतमंजनाने घासणं बंद, चरे पडतात आणि त्यांत घाण बसते. साबण आणि मऊ ब्रश. खाली टॉवेल पसरून, हातातून सुटली तर फुटू नये म्हणून. हिरड्या आणि जीभही पुसायची. तोंडातली घाण श्वासाबरोबर छातीत उतरते. वाटी कुठे ठेवायची यावर आत्याचा निकाल: उष्टी, म्हणून डावी बाजू.

१९ ऑगस्ट, सोमवार

वॉकर धरून बाथरूमपर्यंत. आंघोळीला उंच प्लास्टिकची खुर्ची, पायाखाली रबरी जाळी. मावशींनी पाठ धुतली, बाकी स्वतः. तांब्याने अंगावर पाणी घेताना “गंगे च यमुने” पुटपुटली. बाहेर मला ऐकू येत होतं.

नखं सरळ कापली, कोपरे खोल नाहीत. साखरेमुळे पाय रोज बघायचे, बोटांच्या मधे तेल नाही.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

पाहुणे. प्रत्येकजण आत्याच्या खाटेवर बसायला बघतो, गालाला हात लावतो. दाराशी बेसिन दाखवणं मला अवघड वाटत होतं. आत्यानेच काम सोपं केलं: “हातपाय धुऊन ये, मग शिव मला. बाहेरून आलायस.” तिच्या तोंडून गेलं की कुणाला राग येत नाही. खोकणाऱ्या भाच्याला तिने दारातूनच मोदक दिला.

मावशींच्या हातचा चहा पाहुण्यांसमोर मागून घेतला. त्यावर मी काही बोललो नाही, तीही नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

हवेची गादी आणि फाउलर खाट परत गेली. दिवाण आत आला, खाली लाकडी ठोकळे लावून उंच केला. कमोडची खुर्ची आणखी महिनाभर, फक्त रात्रीसाठी. रात्री डायपर ऐवजी दोनदा उठवून बघतोय. चालू आठवड्यात चादर बहुतेक सकाळी कोरडी.

तक्त्यातले कुशीचे रकाने काढले. पाणी, पोट, कातडी, पाय हे ठेवले. मावशी पुढच्या महिन्यापासून फक्त सकाळी, आंघोळ आणि न्हाण्यापुरत्या.

बाकी कामं: झिंकचं मलम संपत आलंय. पिंपांची झाकणं एका बाजूने उचकटलीत, बदलायची. सोमवारी प्लंबर येतोय: संडासात उंच कमोड, बाजूला धरायला दांडा, आंघोळीच्या भिंतीत दुसरा. दांड्यांची उंची आत्या स्वतः उभी राहून दाखवणार आहे, आणि कमोडचं तोंड देवघराकडे नको असं प्लंबरलाही तीच सांगणार आहे.